बामणघळीचा मूळ फोटो कोणता?

हेदवीला जाऊन बामणघळीचा फोटो न काढता परतलेला माणूस विरळाच. गुहागर तालुक्यातल्या या गावात दशभुज लक्ष्मीगणेशाचं दर्शन झालं की पावलं समुद्राकडे वळतात. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक अरुंद घळ आहे. भरतीची लाट तिच्यात शिरली की कोंडलेलं पाणी जोरात उसळून वर येतं, आणि त्याच क्षणी चारी बाजूंनी मोबाइल पुढे होतात.

महिन्याभराने तो फोटो शोधायला बसा. मोबाइलच्या गॅलरीत तो एका नावाने सापडतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या, लॅपटॉपवर तिसऱ्याच. एक प्रत ४ एमबीची, दुसरी जेमतेम ३०० केबीची. एकीवर सहलीची तारीख, दुसरीवर तीन दिवसांनंतरची. आयफोनवर कडेची अनोळखी माणसं क्रॉप करून काढली होती, ती लॅपटॉपवर पुन्हा हजर. गावच्या ग्रुपवर कुणी म्हणतं, ‘‘दादा, तो पाण्याचा फोटो मोठा करून लावायचाय, ओरिजिनल पाठवा ना,’’ आणि दादा विचारात पडतात, की यातला ओरिजिनल कुठला?

उत्तर सापडतं, पण त्यासाठी फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर आत काय करतं ते पाहावं लागतं. आपण ज्याला सरसकट ‘फोटो’ म्हणतो, त्यात सॉफ्टवेअरला तीन गोष्टी दिसतात: चित्र, त्या चित्राची माहिती आणि फाइलचं नाव. तिन्ही वेगवेगळ्या जागी राहतात, वेगवेगळ्या कारणांनी बदलतात, आणि एक बदलली म्हणून दुसरी बदलतेच असं नाही.

चित्र: ठिपके आणि त्यांची काटछाट

आजच्या बऱ्याच फोनमध्ये फोटो ४०३२ ठिपके रुंद आणि ३०२४ ठिपके उंच असतो. गुणाकार केला तर १ कोटी २१ लाख ९२ हजार ७६८ ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात, म्हणजे साडेतीन कोटींहून जास्त आकडे. ते जसेच्या तसे लिहिले तर फाइल छत्तीस एमबीच्या घरात जाईल. प्रत्यक्षात ती तीन-चार एमबीची असते, कारण बहुतेक फोटो ‘जेपेग’ या पद्धतीने दाबून साठवले जातात. १९९२ मध्ये हे मानक ठरलं आणि आजही जगातले बहुसंख्य फोटो त्याच पद्धतीचे आहेत.

जेपेग पहिल्यांदा उजेड आणि रंग वेगळे करतं. माणसाचा डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला तितकासा नाही. म्हणून रंगाची माहिती सहसा निम्म्या रुंदीची आणि निम्म्या उंचीची करून ठेवतात. इथेच बरंच वजन उतरतं.

मग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. वर सांगितलेल्या फोटोत नुसत्या उजेडाचे असे सुमारे १ लाख ९० हजार चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे दुसऱ्या ६४ आकड्यांत मांडले जातात. पहिला आकडा सांगतो, की हा चौकोन एकूण किती उजळ आहे. पुढचे आकडे सांगतात, की त्यात संथ चढउतार किती, बारीक चढउतार किती, अगदी ठिपक्यागणिक बदल किती. इथपर्यंत जवळपास काहीच हरवलेलं नसतं. हरवतं ते पुढच्या पायरीवर. बारीक चढउताराच्या आकड्यांना मोठ्या संख्येने भागून जवळच्या पूर्णांकात आणलं जातं. त्यातले बरेचसे शून्य होतात, आणि शून्यांची रांग साठवायला जागाच लागत नाही. गेलेला अपूर्णांक मात्र कायमचा गेला.

हेदवीच्या फोटोत हे डोळ्यांनी पाहता येतं. वरचं आकाश हा सपाट भाग. त्यातल्या चौकोनांत बारीक चढउतार नसतातच, म्हणून तिथे काही गमावल्याचं कळत नाही. उसळलेल्या पाण्यात मात्र हजारो तुषार असतात, प्रत्येक तुषार दोन-चार ठिपक्यांचा, आणि मागे काळा कातळ. जेपेगला सर्वांत जड जाणारी जागा हीच. कमी दर्जावर साठवलेली प्रत मोठी करून पाहा. तुषारांच्या कडेला कातळावर राखाडी गिचमिड दिसेल, चौकोनांच्या रेषा दिसतील, पाण्याचे थेंब एकमेकांत मिसळून कापसासारखे झालेले असतील. आकाश तेवढं तसंच छान.

या संदर्भात एक गैरसमज फार पसरलेला आहे: फोटो वारंवार उघडला की खराब होतो. तसं अजिबात होत नाही. उघडणं म्हणजे वाचणं, आणि वाचल्याने फाइलमधला एकही आकडा बदलत नाही. पेनड्राइव्हवर कॉपी केल्यानेही बदलत नाही, शंभरावी कॉपी पहिल्यासारखीच असते. झीज होते ती उघडून, बदल करून, पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह करताना, कारण त्या वेळी भागाकार आणि पूर्णांक हा खेळ नव्याने खेळला जातो. काहीही न बदलता त्याच दर्जावर सेव्ह केलं तर नुकसान किरकोळ असतं, कारण आकडे आधीच त्या साच्यात बसलेले असतात. पण डावीकडचे तीन ठिपके कापले तर सगळे चौकोन सरकतात आणि प्रत्येकाचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. आज क्रॉप, उद्या थोडा उजेड, परवा खाली ‘हेदवी’ असं नाव, आणि दर वेळी सेव्ह. तुषार असे टप्प्याटप्प्याने जातात.

माहिती: फोटोबरोबर येणारी चिठ्ठी

त्याच फाइलच्या सुरुवातीला, चित्राच्या आधी, एक माहितीचा भाग असतो. त्याला ‘एक्झिफ’ म्हणतात. कोणता कॅमेरा, किती वाजता, शटर सेकंदाच्या कितव्या भागापुरतं उघडलं, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. हेदवीचा फोटो असेल तर त्यात १७ अंश उत्तर आणि ७३ अंश पूर्वेच्या पुढचे बारकावे लिहिलेले सापडतील. गॅलरी तारखेनुसार फोटो लावते, नकाशावर टाचण्या दाखवते, ते सगळं या चिठ्ठीच्या जोरावर.

फोटो मोबाइलवर उभा आणि जुन्या संगणकावर आडवा दिसतो, याचं कारणही इथेच आहे. फोन उभा धरला तरी कॅमेऱ्यातला संवेदक आडवाच असतो, त्यामुळे चित्र आडवं साठवलं जातं. एक्झिफमध्ये १ ते ८ यांपैकी एक आकडा लिहिला जातो, जो दाखवताना चित्र किती वळवायचं ते सांगतो. ज्या सॉफ्टवेअरला हा आकडा वाचता येतो ते फोटो उभा दाखवतं, ज्याला येत नाही ते आडवा. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रोटेट’ दाबलं की बऱ्याचदा फक्त हा एक आकडा बदलतो, चित्राला हातही लागत नाही. काही सॉफ्टवेअर चौकोनच उचलून फिरवतात. हेही नुकसानीविना होऊ शकतं, पण फोटोची लांबी-रुंदी चौकोनांच्या मापाने निःशेष भागली जायला हवी. रंग निम्मा केलेल्या फोटोत हे माप १६ ठिपक्यांचं असतं. ४०३२ आणि ३०२४ या दोन्ही संख्यांना १६ ने पूर्ण भाग जातो. फोटो ३००० ठिपक्यांचा असेल तर आठ ठिपक्यांची पट्टी उरते, आणि तिचं काय करायचं हा प्रश्न सॉफ्टवेअरपुढे पडतो.

वेळेचा घोळ जास्त सतावतो. एक्झिफमध्ये घड्याळाची वेळ असते, पण कोणत्या देशाची, हे लिहायची सोय त्यात २०१६ मध्ये आली, आणि सगळे कॅमेरे ती वापरत नाहीत. समजा न्यू जर्सीतलं एक कुटुंब माघी गणेशजयंतीला हेदवीला आलं. फोन आपोआप भारतीय वेळ धरतो, गळ्यातला कॅमेरा मात्र तिकडच्याच वेळेवर राहतो. थंडीच्या दिवसांत हा फरक साडेदहा तासांचा. सकाळी सातला काढलेला देवळाचा फोटो आदल्या रात्री साडेआठचा म्हणून नोंदला जातो, आणि सगळ्यांचे फोटो एकत्र केल्यावर उत्सवाचा क्रम विस्कटतो. लाइटरूम, डिजिकॅम यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे सरकवता येते. दोनशे फोटो एकेक करून दुरुस्त करायची गरज पडत नाही.

फेरफार वहीत, जमीन जागेवर

आता मूळ प्रश्न. कापलेली माणसं परत कशी आली?

गावाकडे जमिनीचा व्यवहार झाला की गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. ती मंजूर झाली की सातबाऱ्यावरची नावं बदलतात. या सगळ्यात जमीन तसूभर हलत नाही. बांध तिथेच, कलमं तिथेच. कुणाचं नाव लागलं, किती हिस्से पडले, ते वहीत. फोटो सांभाळणारी आजची बहुतेक सॉफ्टवेअर फोटोशी असंच वागतात. तुम्ही उजेड वाढवता, कडा कापता, आकाश गडद करता, तेव्हा मूळ फाइलला स्पर्शही न करता सॉफ्टवेअर आपल्या वहीत लिहून ठेवतं: अमुक फोटो, उजवीकडून इतका कापला, उजेड इतका वाढवला. पडद्यावर दाखवताना ते मूळ फोटो वाचतं, नोंदींप्रमाणे हिशोब करतं आणि निकाल दाखवतं. म्हणून वर्षाने ‘रिव्हर्ट’ दाबलं तरी पहिला फोटो जसाच्या तसा मिळतो. नुसती नोंद रद्द होते.

ही वही कुठे ठेवायची, यात मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. २००७ मध्ये आलेलं अडोबीचं लाइटरूम सगळ्या फोटोंच्या नोंदी ‘कॅटलॉग’ नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये ठेवतं. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या कॅटलॉगशिवाय प्रत्येक फोटोशेजारी त्याच नावाची एक छोटी ‘एक्सएमपी’ फाइलही ठेवतं. आयफोन ‘एएई’ नावाची फाइल ठेवतो. केबल लावून फोन संगणकाला जोडला तर ४२ क्रमांकाचा मूळ फोटो, ‘ई’ अक्षर जोडलेली त्याची सुधारलेली प्रत आणि ही एएई फाइल, अशा तीन फाइल दिसतात. लोक मूळ तेवढी उचलतात, एएई फाइल उघडत नाही म्हणून सोडून देतात, आणि मग क्रॉप केलेली माणसं परत आली म्हणून चकित होतात. परत कोणीच आलं नाही. ती फाइलमधून कधी गेलीच नव्हती, वही मागे राहिली.

या पद्धतीची सर्वांत चटका लावणारी गोष्ट पिकासाची. गूगलने २००४ मध्ये घेतलेलं आणि फुकट वाटलेलं हे सॉफ्टवेअर आपल्याकडे घराघरांतल्या संगणकांवर होतं. पिकासा फोल्डरमध्ये एक लपलेली नोंदींची फाइल ठेवायचं. ‘सेव्ह’ दाबलं तर सुधारलेला फोटो जागेवर लिहायचं आणि मूळ फोटो एका लपलेल्या फोल्डरमध्ये सरकवायचं. २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केलं. संगणक बदलताना लोकांनी दिसणारे फोटो तेवढे उचलले. न सेव्ह केलेल्या सुधारणा आणि कित्येक मूळ फोटो लपलेल्या जागी राहून गेले. तुमच्याकडे त्या काळातली हार्डडिस्क पडून असेल तर तिच्यात लपवलेल्या फाइल दाखवण्याची सोय चालू करून एकदा जरूर पाहा. लग्नामुंजीचे न कापलेले, न उजळलेले मूळ फोटो तिथे सापडण्याची चांगली शक्यता आहे.

मूळ चित्र जपण्याचा दुसरा टोकाचा प्रकार म्हणजे ‘रॉ’ फाइल. कॅमेऱ्याच्या संवेदकाने मोजलेला उजेड तिच्यात जवळपास कच्चाच असतो. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ छटा मावतात, १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६ हजार ३८४. बामणघळीसारख्या ठिकाणी हा फरक कामी येतो, कारण काळा कातळ आणि उन्हात चमकणारा फेस एकाच चौकटीत असतात. जेपेगमध्ये पांढराफटक झालेला फेस रॉमधून बऱ्याचदा परत मिळवता येतो. लाइटरूम असो वा डार्कटेबल, दोन्ही रॉ फाइलमधल्या चित्राला कधीच हात लावत नाहीत.

चौकट: कोणतं बटण काय करतं?

सेव्ह: साध्या एडिटरमध्ये जुन्या फोटोवर नवा लिहिला जातो, जुना जातो. वही ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती नोंद होते.

सेव्ह अ‍ॅज किंवा सेव्ह कॉपी: मूळ जागेवर राहतो, बदललेली वेगळी फाइल तयार होते.

एक्सपोर्ट: वहीतल्या नोंदी मूळ फोटोवर लावून नवी फाइल बनते. दुसऱ्याला द्यायची ती हीच.

रिव्हर्ट: नोंदी रद्द, मूळ फोटो समोर. साध्या एडिटरने मूळ फाइलवर लिहिलेलं असेल तर याचा उपयोग नाही.

नाव: यादीतला एक शब्द

चार एमबीच्या फोटोचं नाव बदलायला जितका वेळ लागतो तितकाच चार जीबीच्या व्हिडिओचं बदलायला लागतो. कारण नाव फाइलच्या आत नसतंच. फोल्डर म्हणजे नावांची यादी, प्रत्येक नावापुढे मजकूर डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. रिनेम केलं की यादीतला शब्द बदलतो. त्यामुळे नाव बदलल्याने फोटोचा दर्जा घटत नाही, काढल्याची तारीख बदलत नाही, चित्राचा प्रकारही बदलत नाही. शेवटचं ‘जेपीजी’ खोडून ‘पीएनजी’ लिहिलं म्हणून आतलं जेपेग पीएनजी होत नाही.

धोका वेगळा आहे. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये फोटो ‘अमुक फोल्डरमधला अमुक नावाचा’ असा नोंदलेला असतो. तुम्ही विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन परस्पर नाव बदललं तर नोंद राहते पण पत्त्यावर कुणी नसतं, आणि फोटो हरवल्याची खूण दिसते. एक्सएमपीवाल्या पद्धतीत फोटोचं नाव बदललं आणि शेजारच्या छोट्या फाइलचं राहिलं, तर दोघांची ताटातूट होते. म्हणून ज्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो एडिट करता त्याच्यातूनच नाव बदला. ते जोडीच्या सगळ्या फाइल एकत्र बदलतं.

कॅमेऱ्याने दिलेली नावं अशी विचित्र का असतात? कॅमेरा कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या नियमानुसार नावात आठच अक्षरं असतात: पहिली चार कंपनीची, पुढचे चार आकडे ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो पुन्हा ०००१ होतो. २०२३ च्या शिमग्याचा ०००१ आणि २०२५ च्या शिमग्याचा ०००१ एका फोल्डरमध्ये टाकायला गेलात तर संगणक विचारतो, ‘रिप्लेस करू?’ घाईत ‘हो’ म्हटलं की जुनी पालखी गेली.

यावर उपाय सामूहिक रिनेमचा. सॉफ्टवेअरला नमुना द्यायचा: काढल्याची तारीख, ठिकाण, क्रमांक. तारीख ते एक्झिफमधून स्वतः उचलतं. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहावी, कारण संगणक नावं डावीकडून अक्षर-अक्षर तपासत लावतो. हेदवीच्या माघी उत्सवाचंच पाहा. माघ शुद्ध चतुर्थी २०२४ मध्ये १३ फेब्रुवारीला होती, २०२५ मध्ये १ फेब्रुवारीला, २०२६ मध्ये २२ जानेवारीला. दिवस आधी लिहिला तर १ फेब्रुवारी २०२५ वर आणि १३ फेब्रुवारी २०२४ खाली, असा उलटा क्रम लागतो. वर्ष आधी लिहिलं की तिथी कुठेही सरकली तरी क्रम बरोबर राहतो. क्रमांकही ००१, ००२ असे शून्यं घालून द्यावेत, एरवी बऱ्याच ठिकाणी १ नंतर १०, ११ येतात आणि २ मागे राहतो.

सामूहिक रिनेमच्या आत एक छान युक्ती दडलेली असते. समजा सगळे क्रमांक एकाने पुढे ढकलायचे आहेत. पहिल्याला ००२ म्हणायला जावं तर ००२ आधीच हजर. म्हणून चांगलं सॉफ्टवेअर शेवटच्या फोटोपासून उलटं येतं, किंवा सगळ्यांना आधी तात्पुरती नावं देऊन दुसऱ्या फेरीत खरी नावं लावतं. एकही फोटो दुसऱ्यावर पडत नाही.

‘किनाऱ्यावर’ हा शब्द तीन प्रकारे लिहिता येतो

मराठीत नावं द्यावीत का? अवश्य द्यावीत, सगळी आधुनिक यंत्रं देवनागरी ओळखतात. पण आपल्या लिपीतली एक खुबी माहीत हवी. ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा र संगणकावर तीन तऱ्हांनी येऊ शकतो. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने येतो. दुसरीकडे साधा र आणि त्याखाली नुक्ता, अशा दोन खुणांनी. तिसरीकडे र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर तिन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात, संगणकाला मात्र आकड्यांच्या तीन वेगळ्या माळा दिसतात. युनिकोडच्या नियमानुसार पहिल्या दोन समान मानायला हव्यात, पण सगळ्या यंत्रणा तसं मानत नाहीत, आणि तिसरी तर वेगळीच. त्यामुळे एका फोल्डरमध्ये ‘किनाऱ्यावर’ नावाच्या दोन फाइल गुण्यागोविंदाने नांदू शकतात, आणि फोनवर टाइप केलेला शब्द लॅपटॉपवरच्या फाइलला शोधू शकत नाही.

लांबीचंही गणित आहे. अँड्रॉइड फोनमध्ये नाव २५५ बाइटपर्यंत चालतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्ताला तीन-तीन. ‘किनाऱ्यावर’ हा एकटा शब्द तीस बाइटांचा. म्हणजे ८५ खुणांत नाव आटोपलं पाहिजे, आणि ‘आजोबांच्या पंचाहत्तरीनिमित्त हेदवीला गेलो तेव्हा...’ असं लांबलचक नाव मधेच अडेल. माझं मत असं: फाइलच्या नावात इंग्रजी आकड्यांतली तारीख आणि एक छोटा मराठी शब्द ठेवावा. आजोबा, पंचाहत्तरी, बामणघळ, माघी उत्सव हे सगळं ‘टॅग’ म्हणून लिहावं. टॅग माहितीच्या भागात बसतात, एका फोटोला हवे तितके लावता येतात, आणि ‘माघी’ शोधलं की सगळ्या वर्षांचे फोटो एकत्र येतात.

सेव्ह होताना लाइट गेली तर

पावसाळ्यात कोकणात लाइटचा भरवसा नसतो. फोटो सेव्ह होत असताना संगणक बंद पडला तर? जुन्या फाइलवरच थेट लिहायला घेतलं असेल तर अर्धा नवा लिहिलेला, अर्धा जुना पुसलेला, आणि फोटोचा खालचा भाग राखाडी. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर असं करत नाही. ते आधी तात्पुरत्या नावाची नवी फाइल पूर्ण लिहितं, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करतं, आणि मग नावांच्या यादीत एका फटक्यात जुन्याच्या जागी नवी लावतं. हा शेवटचा फटका एकतर पूर्ण होतो किंवा होतच नाही. लाइट आधी गेली तर जुना फोटो शाबूत, नंतर गेली तर नवा शाबूत. पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढा असं सांगतात त्यामागेही हेच आहे: पडद्यावर कॉपी संपलेली दिसली तरी काही भाग अजून संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या चाळणीतून

आता ती ३०० केबीची प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तिन्ही गोष्टी बदलतात. चित्र लहान होतं, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते, आणि जेपेगची काटछाट नव्याने होते. एक्झिफची चिठ्ठी काढून टाकली जाते, म्हणजे वेळही गेली आणि जागाही. अँड्रॉइडवर नावही बदलतं: फोटो आला त्या दिवसाची तारीख, ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं आणि एक क्रमांक. तीन दिवसांनंतरची तारीख लागते ती यामुळे. २०२३ पासून ‘एचडी’ची सोय आहे, तिने चित्र बरंच मोठं राहतं, पण तेही मूळ नव्हे.

जागेची माहिती गाळली जाते हे एका अर्थी बरंच आहे. घरातल्या मुलांच्या फोटोबरोबर घराचा अक्षांश-रेखांश सगळ्या ग्रुपला कळण्याचं कारण नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यातच याची दुसरी बाजू दिसते. इथल्या सड्यांवर कातळशिल्पं सापडली आहेत, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीतही गेली. सड्यावर फिरताना तुम्हाला एखादी न नोंदलेली आकृती दिसली आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवला, तर अभ्यासकाच्या हाती दगडावरच्या रेघा येतील, पण तो दगड कुठला, हे फोटो सांगणार नाही. हाच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला तर फाइल जशी आहे तशी जाते: चित्र पूर्ण, चिठ्ठी जागेवर.

एक शेवटची खबरदारी, कारण इथे नुकसान भरून येत नाही. अल्बम ही नोंद आहे, त्यातून फोटो काढला तर मूळ फोटो जात नाही. पण गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ‘डिलीट’ केला तर तो फोनवरूनही जातो आणि गूगलवरूनही. कचरापेटीत तो ६० दिवस थांबतो, आयफोनच्या पेटीत ३० दिवस, मग संपला. दोन ठिकाणी एकाच वेळी पुसली जाणारी प्रत ही दुसरी प्रत नव्हेच. वर्षातून एकदा मूळ फोटो एका हार्डडिस्कवर उतरवा आणि ती वेगळ्या घरी ठेवा, मुंबईचे फोटो गावाला आणि गावचे मुंबईला. आणि गावच्या ग्रुपवर कुणी ओरिजिनल मागितला, तर गॅलरीतला कॅमेऱ्याच्या नावाचा, सर्वांत जड फोटो शोधा आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.